बेकारी भाड्याने देणे आहे

अमेरिकेत कायमचं राहायचा परवाना कितीला पडतो? भाव ठरलेला आहे. आठ लाख डॉलर. आपल्या पैशात सात कोटींच्या घरात. ही चोरवाट नाही, टेबलाखालची लाच नाही, चक्क कायदा आहे. १९९० साली अमेरिकेच्या संसदेनं तो केला, थोरल्या बुशनं त्यावर सही ठोकली आणि त्या खिडकीला नाव पडलं ईबी-५. वर्षाला दहा हजार व्हिसे, बायकापोरं त्यातच धरून. पैसे गुंतवा, दहा माणसांना काम मिळाल्याचा कागद दाखवा आणि नवरा, बायको, एकविसाच्या आतली पोरं, सगळ्यांची ग्रीन कार्डं घेऊन जा. आधी दोन वर्षांचं कच्चं, मग पक्कं.

कुणी म्हणेल, पैसेवाला पैसे फेकतो आणि आत जातो, यात नवल ते काय? देवळातसुद्धा व्हीआयपी दर्शनाची रांग वेगळी असते. खरंय. एवढंच सांगायचं असतं तर आम्ही शाई वाया घालवली नसती. पण दोस्तांनो, या धंद्यात एक तिसरा माल आहे, त्याच्याकडं कुणी बघत नाही. डॉलर देणारा एक, व्हिसा देणारा दुसरा, आणि दोघांच्या मधे ठेवलाय गरीब वस्तीचा बेकारीचा आकडा. त्या आकड्याशिवाय हा सौदा स्वस्तात पटतच नाही. आणि ज्यांची बेकारी वापरली जाते त्यांना ती वापरली गेल्याचा पत्तासुद्धा नसतो.

कसं ते बघा. मूळ कायद्यात दोन भाव होते. भरल्या पोटाच्या भागात पैसे घालायचे तर दहा लाख डॉलर. खेड्यात, नाहीतर जिथली बेकारी देशाच्या सरासरीच्या दीडपट आहे अशा भागात घालायचे तर निम्मे, पाच लाख. हेतू वाचायला गोड आहे. जिथं कुणी धंदा काढत नाही तिथं परक्याचा पैसा यावा, तिथल्या पोरांच्या हाताला काम मिळावं. पण भाग म्हणजे केवढा भाग, तो कुठून कुठवर, हे ठरवायचं काम राज्य सरकारांवर सोडलं. राज्य सरकार आणि बिल्डर यांचं नातं काय असतं हे मुंबईच्या वाचकाला आम्ही सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर, पश्चिमेच्या कडेला रेल्वेचं यार्ड आहे. त्याच्या रुळांवर छत टाकून छतावर मनोरे उभे करायचं ठरलं. अठ्ठावीस एकर जागा, पंचवीस अब्ज डॉलरचा प्रकल्प, नाव हडसन यार्ड्स. २०१९ च्या मार्चमध्ये पहिला टप्पा उघडला. काचेचे टॉवर, बड्या ब्रँडांचा मॉल, आणि मधोमध तांब्याच्या रंगाचा एक अवाढव्य जिना. तो जिना कुठंच जात नाही. नुसतं चढायचं, फोटो काढायचा आणि उतरायचं. असल्या ठिकाणी दीडपट बेकारी कुठून आणणार?

आणली. नकाशातून आणली. अमेरिकेत जनगणनेसाठी शहराचे लहान लहान तुकडे पाडलेले असतात. हडसन यार्ड्सच्या तुकड्याला शेजारचा तुकडा चिकटवला, त्याला पुढचा, त्याला आणखी पुढचा. असं चिकटवत चिकटवत ती शेपटी सेंट्रल पार्कमधून वर सरकली. बागेत माणूस राहत नाही, पण शेपटी सरकवायला बाग बरी. सरकत सरकत ती पोचली हार्लेमला, तिथल्या सरकारी घरांच्या वस्त्यांपर्यंत. तिथले बेकार आत ओढले, सगळ्यांची सरासरी काढली, दीडपट भरली. राज्याचा शिक्का बसला. झाला हडसन यार्ड्स बेकारीग्रस्त भाग! दहा लाखांचं तिकीट पाच लाखांत विकायला मोकळे. या एका प्रकल्पानं ईबी-५ मधून किमान १.२ अब्ज डॉलर उभे केले, बहुतेक चीनमधून. पाच लाखांनी भागा. चोवीसशे घरांची अमेरिकेत जायची तिकिटं त्या शेपटीवर कापली गेली.

हार्लेम हे नाव आपल्याला परकं नाही. काळ्या माणसाची ती राजधानी. तिला लागूनच टेकाडावर कोलंबिया विद्यापीठ, जिथं १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. बडोद्याची स्कॉलरशिप आणि परत येऊन दहा वर्षं चाकरी करायचा करार, एवढ्या भांडवलावर महाराचा पोरगा तिथं पोचला होता. पुढं १९७२ साली मुंबईच्या पोरांनी काळ्यांच्या चळवळीतून आपल्या संघटनेचं नाव उचललं. तेव्हा हार्लेमचा खिसा कापला गेला तर बोंब मारायचा हक्क आपल्याला थोडाफार आहे.

हार्लेमला काय मिळालं? बिल्डरांच्या वकिलांचं उत्तर तयार असतं. म्हणतात, हार्लेमचा माणूस सबवेत बसून हडसन यार्ड्सला कामाला येऊ शकतो की! येऊ शकतो. मुंब्र्याची बाई कफ परेडला भांडी घासायला जातेच. म्हणून कफ परेड गरीब भाग ठरत नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी घरांची अवस्था त्याच सरकारच्या कागदांत लिहिलेली आहे. भिंतींना बुरशी, जुन्या रंगात शिसं, ऐन थंडीत बंद पडलेले हीटर. वीस वर्षांत त्यांच्या दुरुस्तीला ७८ अब्ज डॉलर लागतील असा हिशेब २०२३ साली निघाला. तिथली गरिबी मोजायला माणसं मिळतात, गळकं छप्पर दुरुस्त करायला मिळत नाहीत. त्या वस्त्यांतली बेकारी नकाशावर उचलून साडेतीन-चार मैल खाली नेली, वापरली, आणि माणसं जिथल्या तिथं ठेवली.

मुंबईचा माणूस हे ऐकून हसेल. आपल्याकडं झोपडपट्टी पुनर्वसनात हेच चालतं. झोपडी मोजली की बिल्डरला एफएसआय मिळतो, त्यातून विक्रीचा टॉवर उभा राहतो. पण थांबा. फरक आहे. इथं बिल्डरला निदान झोपडीवाल्याच्या सह्या घ्याव्या लागतात. दमदाटीनं घेईल, खोट्या घेईल, पण घ्याव्या लागतात. सव्वादोनशे नाहीतर तीनशे चौरस फुटांची एक खोली पदरात टाकावी लागते, भले तिला वारा नसेल. एक जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा आहे का म्हणून त्या माणसाला ऑफिसच्या पायऱ्या झिजवायला लावतात, म्हणजे तो आहे एवढं तरी मान्य करतात. हार्लेमच्या माणसाला कुणी विचारलंसुद्धा नाही. सही नाही, खोली नाही, भाडं नाही. नुसता आकडा नेला.

हे एकट्या हडसन यार्ड्सचं नाही. नदीपल्याड जर्सी सिटी आहे, जिथं गुजराती, तेलुगू, मराठी माणसं दाटीनं राहतात. तिथं नदीकाठी ट्रम्पचं नाव लावलेला एक पन्नास मजली टॉवर कुशनर कुटुंबाच्या कंपनीनं बांधला. त्याच्या भांडवलापैकी पन्नास दशलक्ष डॉलर, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, ईबी-५ चा. पुन्हा तोच नकाशा, तीच शेपटी, शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या गरीब वस्त्या आत ओढलेल्या. २०१७ च्या मे महिन्यात त्याच कुटुंबातली बाई बीजिंगच्या हॉटेलात दुसऱ्या एका टॉवरसाठी पाच-पाच लाख डॉलर मागायला उभी राहिली. तेव्हा तिचा भाऊ जॅरेड व्हाइट हाउसमध्ये सासऱ्याचा सल्लागार होता. पेपरांत बोभाटा झाला, कंपनीनं माफी मागितली.

बिल्डरला या पैशाची एवढी ओढ का? कारण हा पैसा भुकेला नसतो. बँक कर्ज देते तेव्हा व्याजासाठी देते. ईबी-५ वाला देतो तेव्हा त्याला व्याज नको असतं, कार्ड हवं असतं. व्याज नावाला मिळालं तरी तो तक्रार करत नाही. उलट वर पन्नास हजार डॉलरच्या पुढची व्यवस्थापन फी स्वतः भरतो. पाच-सहा वर्षं पैसे अडकून पडले तरी बसून राहतो. इतकं स्वस्त आणि इतकं गप्प भांडवल जगात दुसरं नाही. हा जो व्याजातला फरक बिल्डरच्या खिशात जातो, तो कुणाच्या जिवावर? व्हिसा अमेरिकेच्या जनतेचा, बेकारी हार्लेमची, नफा बिल्डरचा. असा तिरपांगडा हिशेब आहे.

आणि दहा नोकऱ्यांचं काय? तुम्हाला वाटेल, कुणीतरी हजेरीपट घेऊन माणसं मोजत असेल. तसं फक्त स्वतः धंदा काढणाऱ्याच्या बाबतीत. बहुतेक जण रीजनल सेंटर नावाच्या दलालामार्फत जातात. ही सोय १९९२ पासून आहे. तिथं माणूस दाखवायची गरज नाही. अर्थतज्ज्ञ एक तक्ता करतो. इतक्या डॉलरचं सिमेंट घेतलं, म्हणजे सिमेंटच्या कारखान्यात इतक्या नोकऱ्या झाल्या. त्या कामगारांनी दुपारी जेवण घेतलं, म्हणजे खाणावळीत इतक्या झाल्या. दहातल्या नऊ नोकऱ्या अशा तक्त्यातल्या चालतात. त्यांना नाव नाही, चेहरा नाही, युनियन नाही. मालकांना आवडणारा कामगार शेवटी सापडला म्हणायचा.

आता म्हणाल, नकाशाची लबाडी सोडा, पैसा खरोखरच गरीब मुलखात गेला तर? गेला होता. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला चिकटून व्हरमाँट राज्याचा एक मागास कोपरा आहे. तिथं जे पीक नावाचं बर्फावर घसरायचं रिसॉर्ट. मालक एरिअल किरोस, मायामीचा. मॅनेजर बिल स्टेंगर, गावचा लाडका माणूस. चौऱ्याहत्तर देशांतल्या शेकडो लोकांकडून साडेतीनशे दशलक्ष डॉलरच्या वर गोळा केले. हॉटेलं बांधू, पाण्याचा पार्क करू, आणि जवळच्या न्यूपोर्ट गावात औषधनिर्मितीचं मोठं केंद्र काढू, शेकडो नोकऱ्या देऊ. गव्हर्नर फोटोला आले, आमदार फोटोला आले. न्यूपोर्टच्या मुख्य रस्त्यावरची जुनी दुकानं पाडून जागा मोकळी केली.

२०१६ च्या एप्रिलमध्ये शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं कोर्टात खटला भरला. जुन्या प्रकल्पाची भोकं नव्या लोकांच्या पैशानं बुजवायची, असा धंदा चालला होता. दोनशे दशलक्ष डॉलर भलतीकडं वळवले असा आरोप. त्यातून किरोसनं न्यूयॉर्कमध्ये ट्रम्पच्या नावाच्या इमारतीत आलिशान फ्लॅटही घेतला होता. औषधाचं केंद्र थोतांड निघालं. २०२० मध्ये किरोसनं गुन्हा कबूल केला, २०२२ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, स्टेंगरला दीड वर्षाची. आणि न्यूपोर्ट? मुख्य रस्त्यावर दुकानांच्या जागी खड्डा राहिला. गावकरी त्या खड्ड्याला छोटं बैरूत म्हणायला लागले. युद्ध न होता बाँब पडल्यासारखी जागा. तिथली माणसं गोरी होती, एवढाच काय तो हार्लेमपेक्षा फरक.

आता आपल्या घरात या. चिनी माणसाची रांग लांबली तसे दलाल भारताकडं वळले. मुंबई-पुण्याच्या पंचतारांकित हॉटेलांत सेमिनार भरतात. कोण जातं? बिल्डर, हिरेवाला, डॉक्टर, आयटीतला मोठा साहेब. आणि जास्त करून असा बाप, ज्याचा पोरगा तिकडं शिकून बसलाय आणि नोकरीचा व्हिसा लागत नाही. तो काय करतो? रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर नेता येतात. मग मार्च संपता संपता बापाच्या नावानं अडीच लाख, आईच्या नावानं अडीच लाख. एप्रिल उजाडला की नवं वर्ष, पुन्हा तेवढेच. काम झालं. सरकारचा वीस टक्के टीसीएस वरून कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो. अगदी सरळ रस्ता, खाचखळगा नाही.

त्यापुढचा भाग आम्हाला फार आवडला. अमेरिकेचं सरकार विचारतं, हा पैसा आला कुठून? पैशाची वंशावळ दाखवा. फ्लॅट विकला तर त्याचं खरेदीखत. तो घेतला कशातून? वडिलांच्या जमिनीतून. तिचा सातबारा. ती आजोबांकडं कशी आली? वारसनोंद दाखवा. तीन-तीन पिढ्यांचे कागद फायलीत लागतात. आपल्याकडं जात पडताळणीला उभ्या राहिलेल्या पोराला हे ओळखीचं वाटेल. त्याला १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजा कुठल्या गावचा, शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय. फरक एवढाच, की याच्या आज्याच्या नावावर जमीन नव्हती, शाळेचा दाखला नव्हता, म्हणून हा अडकतो. त्याच्या आज्याच्या नावावर सगळं होतं, म्हणून तो सुटतो. ज्या पैशाला आजोबा आहे तोच पैसा समुद्र ओलांडतो.

२०२२ साली अमेरिकेनं कायदा दुरुस्त केला. स्वस्त भाव पाचाचा आठ लाख केला, महाग भाव साडेदहा लाख. शेपटी छाटली, आता अगदी शेजारी लागून असलेलाच तुकडा जोडता येतो आणि शिक्का राज्य नाही, केंद्र मारतं. हे बरं झालं, आम्ही नाकारत नाही. पण त्याच कायद्यात एक गंमत आहे. ईबी-५ च्या व्हिशांत कोटा ठेवला. वीस टक्के खेड्यातल्या प्रकल्पाला, दहा टक्के बेकारीच्या भागाला, दोन टक्के सार्वजनिक बांधकामाला. त्या कोट्यातून आलात तर रांग छोटी. खेड्याच्या कोट्यातून आलात तर फाइलसुद्धा आधी उघडतात. बत्तीस टक्के राखीव जागा! आरक्षणाच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडलेला बाप दलालाला पहिला प्रश्न विचारतो, राखीव कोट्यात बसतं का हो आपलं? बसतं साहेब, बसतं. खेड्याच्या नावानं बसवतो.

रांगेचं कोडं असं आहे. अमेरिकेत नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डात एका देशाला वर्षाला सात टक्क्यांच्या आसपासच वाटा. भारतातून अर्ज ढिगानं. म्हणून एच-१बी वर गेलेला भारतीय इंजिनिअर दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं रांगेत उभा आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर सामान बांधायचं. त्यात आपलीही पोरं आहेत. पहिल्यांदा घराबाहेर पडलेली, स्कॉलरशिपवर नाहीतर कर्जावर गेलेली, ज्यांच्या मागं विकायला फ्लॅट नाही. त्यांच्याच ऑफिसातला, त्यांच्याच पगाराचा पोरगा एक दिवस रांगेतून बाहेर पडतो आणि कडेच्या दारानं आत जातो. त्याच्या बापानं पुण्याजवळची जमीन विकलेली असते. दोघांचं काम तेच, शिक्षण तेच, मेहनत तीच.

आता २०२५ सालाच्या काही तारखा शेजारी शेजारी ठेवतो. तुम्हीच वाचा.

५ फेब्रुवारी. अमेरिकेच्या लष्कराचं मालवाहू विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय. हातात बेड्या, पायात साखळदंड. पंजाबचे, हरियाणाचे, गुजरातचे, तिघं आपल्या महाराष्ट्रातले. यांतल्या कित्येकांनी जमीन विकून, गहाण टाकून एजंटाला चाळीस-पन्नास लाख दिले होते. पनामाचं जंगल तुडवून, मेक्सिकोची हद्द ओलांडून ते पोचले होते. म्हणजे पैसे यांनीही मोजलेच. खिडकी चुकली आणि रक्कम कमी पडली.

२५ फेब्रुवारी. त्या विमानानंतर वीस दिवस. ट्रम्पनं जाहीर केलं, आम्ही गोल्ड कार्ड विकणार, पन्नास लाख डॉलरला एक.

१९ सप्टेंबर. प्रत्यक्ष आदेश निघाला तेव्हा भाव पडला होता. दहा लाख डॉलर सरकारला भेट द्या, कंपनी देत असेल तर वीस लाख. गुंतवणूक नाही, नोकऱ्या नाहीत, बेकारीचा नकाशा नाही. नुसती भेट. आणि त्याच दिवशी दुसरा हुकूम: परदेशातून नवा एच-१बी कामगार आणायचा तर एक लाख डॉलर भरा. एका सहीनं पैशाला दार उघडलं, दुसऱ्या सहीनं हुन्नराला बंद केलं.

गोल्ड कार्डाच्या आदेशातला एक बारकावा मात्र ठळक अक्षरात छापायला हवा. राष्ट्राध्यक्षाला मनाला येईल तसा नवा व्हिसा काढता येत नाही, ते काम संसदेचं. म्हणून पळवाट काढली. अमेरिकेत असाधारण गुणवत्तेच्या माणसांसाठी एक वर्ग आहे. शास्त्रज्ञ, कलावंत, खेळाडू, ज्यांचं नाव जगात झालंय अशांसाठी. आदेशात म्हटलं, दहा लाखांची भेट हाच त्या माणसाच्या गुणवत्तेचा पुरावा समजावा. वाचलंत? पैसा हाच पुरावा. मेरिट, मेरिट म्हणून ज्या शब्दानं आमच्या तीन पिढ्यांना झोडपलं, त्या शब्दाची पावती अखेर व्हाइट हाउसच्या कागदावर आली. मेरिट म्हणजे दहा लाख डॉलर. आपल्याकडं डोनेशन भरून मेडिकलला जाणाऱ्याला हे कधीचं ठाऊक होतं, फक्त तो बोलत नव्हता.

या दारावर याआधी दुसरं एक नाणं वाजवून बघितलं गेलं होतं. अमेरिकेचं नागरिकत्व तेव्हा गोऱ्याला मिळायचं. भगतसिंग थिंड नावाचा पंजाबी, अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला, सुप्रीम कोर्टात गेला. म्हणाला, मी उच्च जातीचा हिंदू, आर्य रक्ताचा, म्हणून मी गोऱ्यांतलाच. १९२३ साली कोर्टानं त्याला हाकललं. रस्त्यावरचा साधा माणूस तुला गोरा म्हणणार नाही, म्हणून तू गोरा नाहीस. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वंही कितीतरी भारतीयांकडून काढून घेतली. हजारो वर्षं इथं बंदा वाजलेला जातीचा रुपया तिथं खोटा निघाला. म्हणून आता तीच मंडळी डॉलर घेऊन जातात. तो चालतो.

युरोपात ही दुकानं बंद व्हायला लागली आहेत. ब्रिटननं २०२२ मध्ये शटर ओढलं, आयर्लंडनं २०२३ मध्ये. स्पेननं २०२५ च्या एप्रिलमध्ये, कारण शंभरातले चौऱ्याण्णव जण नुसती घरं विकत घेत होते आणि तिथल्या तरुणांना भाड्याची खोली परवडेना. पोर्तुगालनं घर घेऊन व्हिसा मिळवायची सोय २०२३ मध्ये काढली. माल्टा तर सरळ नागरिकत्व विकत होता, त्याला युरोपच्या कोर्टानं २०२५ मध्ये गप्प केलं. कॅरिबियन बेटांवर मात्र धंदा चालतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून तेरा हजार कोटींच्या घोटाळ्याचा आरोप ज्याच्यावर आणि ज्याच्या भाच्यावर आहे, तो मेहुल चोक्सी २०१७ मध्ये अँटिग्वाचा नागरिक झाला आणि २०१८ च्या जानेवारीत, बोंब होण्याआधी, देश सोडून गेला. आरोप तो नाकारतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो बेल्जियममध्ये पकडला गेला. मधली सात वर्षं त्या पासपोर्टनं त्याला दिली. बँकेच्या सहीशिक्क्याला भुललेल्या साध्या खातेदाराकडं असा दुसरा पासपोर्ट नव्हता.

तर पुन्हा ईबी-५. २०२२ च्या कायद्यानं एक तारीख लिहून ठेवली आहे. ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत ज्यांचे अर्ज पडतील त्यांना, पुढं संसदेनं रीजनल सेंटरची योजना गुंडाळली तरी, धक्का लागणार नाही. ही तारीख दलालांनी सणाच्या सेलसारखी वापरली. घाई करा, संधी जाईल, भाव वाढेल. तुमच्या शहरातही असे सेमिनार होतात. प्रवेश फुकट असतो, चहा-बिस्किटं असतात, एसी असतो. पुढच्या वेळी जाहिरात दिसली तर जा. चांगला शर्ट घाला, नाहीतर दारावरचा अडवेल. त्यानं कार्ड मागितलं तर वडील बिल्डर आहेत म्हणा. मागच्या रांगेत बसा. पडद्यावर टॉवरची चित्रं येतील, रिसॉर्टची येतील, हसणारी गोरी कुटुंबं येतील. प्रश्न विचारायची वेळ आली की उठा आणि विचारा, नकाशा दाखवा. कुठला तुकडा गरीब म्हणून धरलाय? तिथं कोण राहतं? त्यांना हे माहीत आहे का? दहातल्या किती नोकऱ्या तक्त्यातल्या आणि किती हाडामासाच्या?

उत्तर काय मिळालं, आणि मिळालं नाही तर तुम्हाला बाहेर कसं काढलं, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू.